वीस फ्रेम पुढं

खोक्यावर लिहिलेलं: पाच मिनिटांत जोडा.
सादेकचाचांच्या पुढच्या खोलीत
मला सव्वा तास झाला होता.
खिडकीत कूलर घरघरत होता
आणि टीव्हीवर एक बाई
भेंडी चिरत, अगदी जीव लावून
काहीतरी सांगत होती. मुक्यानं.

जावयानं चाकणहून पाठवलेला साउंडबार
खालच्या फळीवर, नव्या बुटासारखा चकचकीत.
मधे ऑप्टिकलची वायर, उंदराच्या शेपटीएवढी.
मी स्पीकर टीव्हीचा केला, बाहेरचा केला,
पुन्हा टीव्हीचा, पुन्हा बाहेरचा.
साउंडबारनं डी-इन दाखवलं. तेही बरोबर.
वायरीची टोकं बदलून पाहिली.
तीनदा बटण बंद, तीनदा चालू,
आमच्या धंद्यातलं पहिलं औषध हे
आणि बऱ्याचदा शेवटचंही.

चाचा पलंगावरून बघत होते.
एकतीस वर्षं रोशन टॉकीजचे ऑपरेटर.
परभणीत त्या जागी आता टाइल्सचं गोदाम आहे,
मागच्या भिंतीत उंचावर दोन चौकोनी भोकं,
विटांनी अर्धवट बुजवलेली.

"काय करायलास, लेकरा?"
"चाचा, आवाज ह्या वायरीतून उजेड होऊन जातो.
करंट नाही. नुसता उजेड."
सांगताना मी जरा ताठच बसलो असेन.
ते म्हणाले, "मग दुसरा कशातून जातो?"

फिल्मच्या कडेला एक रेघ असायची म्हणे,
नागमोडी, पांढरी.
तिच्यासमोर बल्ब, बोटाच्या पेराएवढा.
रेघ जशी हलंल तसा उजेड हलायचा
आणि खाली नऊशे माणसं रडायची.
बल्ब गेला की पडद्यावर मारामारी चालूच,
आवाज मात्र फक्त शिट्ट्यांचा, खुर्च्यांचा.
"चिमटा हुडकायला वेळ कुठं?
तापलेला बल्ब हातानंच काढायचा."
दोन बोटं पुढं केली. टोकं गुळगुळीत,
रेषाच नाहीत.
रेशनच्या मशीनला ही बोटं दिसत नाहीत.

"लाइट घालव."
घालवली.
वायरीचं टोक त्यांनी तळहातावर धरलं.
लाल ठिपका पडला, मेंदीच्या थेंबाएवढा.
"उजेड हाय. पण धुरकट हाय."
मग त्याच बोटांच्या नखानं
टोकावरून काहीतरी ओढून काढलं:
प्लास्टिकची टोपी, पारदर्शक,
तुरीच्या दाण्याएवढी.

सव्वा तास.

लावली. खर्र झालं, पुन्हा शांत.
इथं मी सेटिंगमध्ये जाऊन
डॉल्बी काढून पीसीएम केलं,
हे मला येत होतं, तेवढं लक्षात असू द्यावं.
आणि बाई बोलली:
"...झाकण ठेवून एक वाफ काढायची."

मी हत्यारं आवरायला लागलो.
चाचा पडद्याजवळ सरकले.
"ओठ आधी मिटायलेत. लूप मोठा पडलाय."
फिल्मवर आवाज चित्राच्या वीस फ्रेम पुढं छापलेला असायचा,
कारण आवाजाचा बल्ब चित्राच्या खिडकीखाली, तेवढाच लांब.
मधला लूप बोटभर वाढला
तर माणूस आधी मरून पडायचा
आणि गोळी मागून वाजायची.

मेनूत डिले सापडला. एकशेवीसवर होता.
मी बटण दाबत होतो, ते बाईचे ओठ बघत होते.
"कमी. अजून. अजून. एक मागं."
हात वर केला. "बस."
चाळीस.
थोडा वेळ आम्ही दोघं नुसते ऐकत बसलो,
हळद, जिरे, आमचूर.
मग म्हणाले, "आता बंद कर. भेंडी मला आवडत नाही."

दोनशे सांगितले होते, दीडशेच घेतले.
टोपी त्यांनी खिशात टाकली, का ते विचारलं नाही.

परतताना गोदामापाशी ट्रक उतरत होता.
लांबूनच दिसलं: पोराच्या हातून टाइल निसटली,
तुकडे झाले, त्यानं इकडंतिकडं पाहिलं,
आणि मग आवाज आला.